तंबोरा ऐकू आला पाहिजे

गेल्या वर्षभरात ज्या मैफलींना गेलो त्यांतल्या बहुतेकींत तंबोरे मला दिसले, ऐकू आले नाहीत. गायकाच्या मागे दोन शिष्या तंबोरे घेऊन बसलेल्या, तारांवरून त्यांची बोटं फिरतायत, आणि सभागृहात पोचतंय काय, तर हार्मोनिअम, डग्गा आणि रिव्हर्ब लावून फुगवलेला गळा. काही ठिकाणी मोबाइलमधला तंबोरा थेट मिक्सरला जोडलेला होता आणि हातातले तंबोरे नुसते शोभेला. ख्यालगायनाची आजची अवस्था काय, असं कुणी विचारलं तर गळ्यांबद्दल माझी तक्रार नाही. तिशी-पस्तिशीतल्या गायक-गायिकांची तालीम, बंदिशींचा साठा, तानेची तयारी आधीच्या पिढीपेक्षा कुठेही उणी नाही. बिघडलं आहे ते गाणं जिथे होतं ती जागा आणि जेव्हा होतं ती वेळ.

बाकीच्या गोष्टी लवकर उरकतो. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांवर शाई खर्च करावी असं त्यांत काही उरलेलं नाही. फ्यूजन यंदाही जिथे होतं तिथेच आहे. जुगलबंद्यांत दोन मोठे कलावंत एकमेकांना वाट करून देण्यात वेळ घालवतात आणि दोघांचंही उत्तम गाणं राहून जातं. तबल्याबरोबरच्या सवाल-जवाबाला टाळ्या पडतात म्हणून तो होतो, एवढंच.

हाती लागलं ते छोट्या बैठकींत. पुण्यात एका घराच्या दिवाणखान्यात पन्नास-साठ माणसं जाजमावर बसली होती. ध्वनिक्षेपक नव्हता. गायिका पन्नाशीच्या, जयपूर-अत्रौलीच्या तालमीतल्या, फारशा महोत्सवांत न दिसणाऱ्या. तंबोरे जुळवायला पाव तास गेला असेल, पण कुणी हललं नाही. जवारी उघडी झाली, खरज बोलू लागला आणि त्यातून स्वयंभू गंधार असा स्पष्ट उमटला की खोलीतल्या प्रत्येकाला तो ऐकू आला असणार. मग त्यांनी बिहागडा मांडला, विलंबित तीनतालात. हे विलंबित किराण्याच्या अतिविलंबित एकतालासारखं पसरट नसतं. तिथे एका आवर्तनाला जवळपास मिनिट जातं, इथे सोळा मात्रा वीसेक सेकंदांत संपतात. एवढ्यात आलापाचं वाक्य सुरू करायचं, त्याला एक अनपेक्षित वळण द्यायचं, कोमल निषादाचा तो चोरटा स्पर्श करून बिहागापासून बिहागडा वेगळा काढायचा आणि मुखडा हातात घेऊन समेवर यायचं. आवर्तनामागून आवर्तन हे त्या करत राहिल्या आणि एकदाही मागचं वाक्य पुन्हा आलं नाही. तबलजींनी तासभर नुसता ठेका दिला, पण असा भरदार की त्यांना आणखी काही करायची गरजच पडली नाही. लय आणि स्वर यांची वीण उलगडताना दिसणं हा या गायकीतला सगळ्यात मोठा आनंद आहे, आणि तो मला तिथे दहा फुटांवरून मिळाला.

ही गायकीच मुळात अशा जागांसाठी घडलेली आहे. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांनी ती दरबारात आणि दिवाणखान्यांत गायली. केसरबाई, मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर या सगळ्यांचा आकार मोकळा, छातीतून आलेला, खोलीच्या भिंतींवर आपटून परत येणारा. केसरबाई ध्वनिक्षेपकाविना सभागृह भरून टाकायच्या, अशी त्यांना ऐकलेल्यांची साक्ष आहे. तोच आकार दोन हजार माणसांच्या मंडपातल्या स्पीकरमधून आला की त्यातले कण, दोन स्वरांमधली घसट, तानेतला दाणा हे सगळं सपाट होतं. उरतो तो जोर. म्हणून महोत्सवांतून जयपूरवाले गायक मागे पडताना दिसतात आणि लोक म्हणतात, ही गायकी अवघड आहे, रुक्ष आहे. ती रुक्ष नाही. लोकांपर्यंत ती पोचलेलीच नाही.

ठेका म्हणजे काय असतो, हे उल्हास कशाळकर आणि सुरेश तळवलकर यांच्या मैफलींनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं. ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही घराण्यांची तालीम पचवलेला गायक लयीशी जे खेळतो, ते खाली ठेका अढळ असतो म्हणून. आजच्या मंचावर तबल्याला दोन मायक्रोफोन, तंबोऱ्याला एकही नाही. डग्ग्याची घुमक छातीत जाणवेल इतकी वाढवलेली. अशा वेळी तबलजीने भरणा वाढवला तर त्याला दोष कसा द्यायचा? त्याला ऐकू येतं ते त्याचंच वाजवणं. आणि गायक मॉनिटरकडे हात करून ‘माझा थोडा वाढवा’ म्हणत राहतो, कारण त्याचा षड्ज त्याला सापडत नसतो.

मायक्रोफोनने काही दिलंच नाही, असं मी म्हणणार नाही. अमीर खाँसाहेबांचा मंद्र सप्तकातला तो विचारात पडलेला आलाप मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेला मिळाला तो त्यामुळेच. कुमार गंधर्वांनी हलका, जवळजवळ पुटपुटल्यासारखा स्वर मैफलीत आणला तोही त्याच्या भरवशावर. पण कुमारजींचे तंबोरे आठवा. त्यांची मैफल त्या तंबोऱ्यांतून सुरू व्हायची, गळा नंतर यायचा. उपकरण तेव्हा गाण्याच्या ताब्यात होतं. आता गाणं मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या ताब्यात गेलं आहे, आणि आदल्या रात्री त्याच माणसाने कुठल्या तरी लग्नातला डीजे सांभाळलेला असतो.

याच ध्वनिक्षेपकाने आपली रात्रही नेली. १९५३ साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, आणि तो कैक वर्षं रात्रभर चालायचा. पहाटेपर्यंत जागलेल्या हजारो माणसांना मध्यरात्रीनंतरचे राग त्यांच्या वेळी मिळायचे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद झाले. राज्य सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, तेवढीच. नियम योग्यच आहे, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण आता दरबारी संध्याकाळी साडेसातला येतो, मालकंस नऊच्या आत आटपतो. शहाणा, नायकी, अडाणा, सोहनी, परज या रागांची तर वेळच पत्रिकेवरून नाहीशी झाली आहे. वर्षभरात मी पूरिया धनाश्री, यमन आणि बागेश्री इतक्यांदा ऐकले की अमुक दिवशी कोणी काय गायलं ते आता वेगळं आठवत नाही. त्यात पंचेचाळीस मिनिटांची मुदत. पंचवीस मिनिटं बडा ख्याल, दहा मिनिटं द्रुत, मग अभंग. नट कामोद किंवा खट यांसारखा जोडराग पंचवीस मिनिटांत कुणी उघडून दाखवायचा?

आयोजक या सगळ्याचं खापर त्या नियमावर फोडतात. ते मला अजिबात पटत नाही. नियम रात्रीच्या उघड्या जागांचा आहे, बंद सभागृहांना त्यातच सूट आहे. आवाज बाहेर जाता कामा नये, ही अट उरते, आणि ध्वनिक्षेपकाविना बसलेली बैठक ती कधीही मोडणार नाही. म्हणजे रात्र कायद्याने बंद केलेली नाही. ती आपण मंडपाच्या हट्टापायी सोडून दिली, कारण मंडप हवा तर स्पीकर हवेत, आणि स्पीकर हवेत तर दहाला उठायला हवं. यावर उत्तर येतं की प्रायोजकांना पाच हजार डोकी हवी असतात. असतील. मग मोठा महोत्सव त्यांच्यासाठी चालू द्या, पण वर्षातून एकदा तरी प्रायोजकाशिवाय काही करा. मुंबईत १९८० साली उघडलेलं टाटा थिएटर सिरिल हॅरिस या ध्वनितज्ज्ञाने असं आखलं की हजारभर माणसांना मंचावरचा आवाज ध्वनिक्षेपकाविना ऐकू यावा. अशी वास्तू हाताशी असताना तिच्यात मायक्रोफोन लावून गाणारे गायक आणि ते लावायला लावणारे आयोजक, दोघांनाही मी जबाबदार धरतो. गायक तर जास्त. आवाज टाकायची सवय गेली आहे, हे त्यांनी मान्य केलं पाहिजे आणि रियाजात ती परत आणली पाहिजे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्या अभिनंदनाला अर्थ यायचा असेल तर मंचावरचा मोबाइल उचलून आत ठेवावा लागेल. मोबाइलमधला तंबोरा सुरात असतो, हे खरं. पण तो गायकाला उत्तर देत नाही. गळ्याचा षड्ज बरोबर लागला की खऱ्या तारा जास्त बोलू लागतात, गायकाला ते पाठीत जाणवतं आणि पुढची जागा तिथून सुचते. ही देवाणघेवाण थांबली की आलाप पाठांतराने होतो, आणि यंदा ऐकलेल्या कितीतरी आलापांत मला पाठांतरच ऐकू आलं.

म्हणून पुढच्या मोसमासाठी एकाच मंडळाकडे मागणं आहे, कुठलंही असो. दीडशे माणसांचं बंद सभागृह घ्या. रात्री दहाला दारं उघडा. गायक एकच, तंबोरे दोन, साथीला तबला आणि हार्मोनिअम, मिळाली तर सारंगी. ध्वनिक्षेपक नाही, घड्याळ नाही, शेवटच्या अभंगाची फर्माईश नाही. सोहनी पहाटे व्हावी, त्याआधी नको. माणसं येणार नाहीत, तोटा होईल, असं म्हणाल. तिकीट तिप्पट ठेवा. मी पहिलं काढतो.