मृतांचा बाप्तिस्मा आणि संमतीचा प्रश्न

मॉर्मन पंथाच्या मंदिरांत जिवंत अनुयायी मृतांच्या वतीने बाप्तिस्मा घेतात. जोसेफ स्मिथ यांनी १८४० साली ही शिकवण दिली. मृतात्मा तो नाकारू शकतो, असा पंथाचा खुलासा आहे. आत्माच नाही, तर मृताचे काय बिघडते, असे निरीश्वरवादी म्हणतो. आम्हांस हे उत्तर अपुरे वाटते. नाझी नरसंहारातील ज्यू बळींची नावे या विधीत आली, तेव्हा ज्यू समाजाने आक्षेप घेतला. १९९५ साली तसे न करण्याचा करार झाला. तरी २०१२ साली चर्चला क्षमा मागावी लागली. ज्यू म्हणूनच मारले गेलेल्यांची ओळख पुसली जाते, ही वेदना जिवंतांची आहे. मृताचा नकार कोणत्याही नोंदवहीत येत नाही. म्हणून हेतू शुद्ध असला, तरी संमतीविना केलेल्या विधीस आम्ही करुणा म्हणणार नाही.