सादृश्याची शक्ती आणि मर्यादा : 'ट्रान्स्पोर्ट फिनॉमिना'

रासायनिक अभियांत्रिकीच्या उच्च अभ्यासाला बर्ड, स्ट्युअर्ट व लाइटफूट या विस्कॉन्सिन विद्यापीठातील अध्यापकांच्या 'ट्रान्स्पोर्ट फिनॉमिना' (१९६०) या ग्रंथाने नवी बैठक दिली. तत्पूर्वी ऊर्ध्वपातन, शोषण, गाळण अशा एकेका क्रियेच्या अनुक्रमाने विषय शिकविण्याची प्रथा होती. आर्थर लिटल यांनी १९१५ साली मांडलेली 'युनिट ऑपरेशन्स'ची कल्पना तिच्या मुळाशी होती. प्रस्तुत ग्रंथाने संवेग, ऊर्जा व वस्तुमान यांच्या वहनाचे तीन समांतर स्तंभ उभारले. न्यूटन, फूरिये व फिक यांचे नियम त्यामुळे एकाच वाक्याची तीन रूपे भासतात : प्रवाह उताराच्या प्रमाणात असतो.

ग्रंथाचे सामर्थ्य या सादृश्यात आहे. धोकाही तेथेच आहे. 'बसणे–बसला' यावरून मूल 'करणे–करला' असे रूप घडविते. तर्क सुसंगत, रूप मात्र चुकीचे. उष्णता ही अदिश राशी, म्हणून तिचा प्रवाह सदिश. संवेग मुळातच सदिश, म्हणून त्याचा प्रवाह प्रदिश ठरतो. एकाच दिशेपुरत्या उदाहरणांत हा भेद झाकला जातो. ग्रंथकारांनी तो लपविलेला नाही. परंतु कोष्टकातील समीकरण उचलून उदाहरण सोडविणाऱ्या विद्यार्थ्याला तो जाणवेलच असे नाही. २००२ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतही मांडणीचा साचा तोच आहे. म्हणून साम्य शिकविल्यावर ते कोठे संपते, हे विद्यार्थ्याकडून वदवून घेणे अध्यापकाचे काम ठरते. पदव्युत्तर अभ्यासाची खरी कसोटी तीच होय.