एका पदकाचें पाठसंशोधन

नगर जिल्ह्यांतील नेवासें तालुक्याच्या एका शेतकरी गृहस्थांचें त्यांच्या नातवानें लिहिलेलें छोटेखानी चरित्र आमच्याकडे अभिप्रायार्थ आलें आहे. भाषा प्रांजळ असून विहिरीवरील मोट, दुष्काळांतील स्थलांतर आणि घरांतील स्त्रियांचे कष्ट यांचीं वर्णनें मनाला भिडतात. तथापि ज्या एका वस्तूवर चरित्रकारानें आजोबांच्या थोरवीची इमारत उभारली आहे, तिच्याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्हांस भाग आहे.

ग्रंथारंभीं एका पितळी पदकाचें छायाचित्र असून तें सरकारनें दिलेलें सन्मानपदक असल्याचें म्हटलें आहे. चित्रांत पृथ्वीच्या गोलावर बसलेला गरुड, जे. आय. केस थ्रेशिंग मशीन कंपनीचें इंग्रजी नांव आणि वरच्या बाजूस चामड्याची पट्टी ओवण्याचें आडवें छिद्र दिसतें. राजाची मुद्रा नाहीं, प्रसंग नाहीं, सन्मानिताचें नांवही नाहीं. हें सन्मानपदक नव्हे. खिशांतील घड्याळाच्या पट्टीला लोंबणारें जाहिरातीचें पदक होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंतील यंत्रांचे कारखानदार अशीं पदकें वांटीत. घड्याळ खिशांत राही, पदक बाहेर झुले. आणि वेळ पाहतांना दर खेपेस कारखान्याचें नांव हातीं येई. केस कंपनी विस्कॉन्सिन प्रांतांतील रॅसीन गांवची. तिनें १८६९ मध्यें आपलें पहिलें वाफेचें इंजिन केलें. तिचा गरुड म्हणजे 'ओल्ड एब', अमेरिकेच्या यादवी युद्धांत विस्कॉन्सिनच्या आठव्या पलटणीबरोबर हिंडलेला पक्षी. विष्णूच्या वाहनाशीं किंवा कोणत्याही दरबाराशीं त्याचा संबंध नाहीं.

आतां काळाचा प्रश्न. कंपनीच्या नांवांतील 'थ्रेशिंग मशीन' हे शब्द १८८० ते १९२८ या काळांतले. १९२८ मध्यें ते गळाले. पण एवढ्यावरून निर्णय देणें घाईचें होईल. पुढें अशा पदकांचे शौकीन निघाले व जुन्या नांवाच्या नकलाही झाल्या. म्हणून मूळ वस्तु हातीं घेऊन पाहिली पाहिजे. ठशानें उठविलेलीं अक्षरें कडेला रेखीव असतात; ओतीव नकलेंत तीं बोथट होतात व पृष्ठभाग रवाळ दिसतो. पट्टीच्या छिद्राची कड वापरानें झिजली आहे काय, पाठीमागें नेवार्कच्या व्हाइटहेड अँड होगसारख्या पदकें पाडणाऱ्या कारखान्याचें नांव आहे काय, हेंही पाहावें. छायाचित्रावरून एवढें ठरत नाहीं. नगरास १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होतें, तेव्हां पदक त्या वाटेनें आलें असेल, असें कोणी म्हणेल; परंतु शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

ज्या नेवाशास शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी अवतरली, तेथील लेखकास आम्ही अधिक काय सांगावें? शके १५०६ मध्यें एकनाथांनीं त्या ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठ शोधणें हा भक्तीचा अभाव नव्हे, तें भक्तीचेंच कर्तव्य होय.

आणि पदक जाहिरातीचें ठरलें म्हणून आजोबा लहान होत नाहींत. किर्लोस्करांनीं १९०३ मध्यें लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल म्हणून शेतकरी बिचकत होते. त्याच किर्लोस्करांनीं कारखान्याच्या प्रसिद्धीसाठीं १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' काढली, आणि तिचें पुढें मराठींतील एक प्रमुख मासिक झालें. जाहिरात ही तुच्छ वस्तु नव्हे.

चरित्रांत एके ठिकाणीं, अवघ्या एका वाक्यांत, आजोबांनीं कर्ज काढून विहिरीवर तेलाचें इंजिन बसविल्याचा उल्लेख आहे. केव्हां बसविलें, कोणी विरोध केला, मोटेचे बैल विकतांना घरांत काय झालें, याविषयीं अवाक्षर नाहीं. नसलेल्या सन्मानाला दोन प्रकरणें आणि असलेल्या धैर्याला एक वाक्य, ही या पुस्तकाची खरी उणीव. तें इंजिन आठवणारीं माणसें गांवांत असतील, तर लेखकानें त्यांच्याकडे लौकर जावें. दुसऱ्या आवृत्तींत पदकाचें चित्र खुशाल राहूं द्यावें. त्याखालचे शब्द मात्र बदलावे.