नाम्याला कुठं काय ठाऊक!

‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटात सगळ्यांत कमी खर्चाची आणि सगळ्यांत जास्त वसुली करून देणारी वस्तू कोणती, असं कुणी विचारलं तर मी त्याच्या नायकाच्या, नाम्याच्या, चड्डीची लोंबती नाडी दाखवीन. चित्रपट कृष्णधवल, डोळे दिपवणारं त्यात काही नाही. ढगळ चड्डी, तिची नाडी आणि दादा कोंडक्यांच्या चेहऱ्यावरचं भाबडेपण एवढंच भांडवल. नाडीकडे बघून हसायचं की नाही, ते प्रेक्षकानं ठरवावं. नाम्याला मात्र तिचा पत्ताच नसतो.

या पत्ता नसण्यावर सगळा चित्रपट उभा आहे. खमक्या आईचा बावळट पोरगा तमाशाला जातो, तिथल्या कलावतीवर भाळतो, आई त्याला घराबाहेर काढते आणि तो तमाशातच सोंगाड्या होतो. वसंत सबनिसांनी लिहिलेली कथा एवढीशीच. पण सबनिसांच्याच ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादांनी रंगवलेला हवालदार आठवा. तो चलाख होता, बोलण्यात बेरकी होता. चित्रपटासाठी सबनिसांनी आणि दादांनी त्याच नटातून तो बेरकीपणा अलगद काढून घेतला. मला हा त्या दोघांचा सर्वांत मोठा निर्णय वाटतो. चावट वाक्य बेरक्याच्या तोंडी आलं की ते त्याचं असतं. तेच भोळ्याच्या तोंडी आलं की ऐकणाऱ्याचं होतं. हसला तो पकडला गेला.

रत्नमाला यांची आई इथे किती उपयोगी पडते पाहा. घोड्याएवढा झालेला पोरगा तिच्यापुढे चळाचळा कापतो, म्हणून त्याची बाईविषयीची ओढही पोरवयाची वाटते. आई बाजूला काढली तर हाच नाम्या तमाशाच्या फडाभोवती घोटाळणारा एक आंबटशौकीन ठरेल.

‘माळ्याच्या मळ्यामंदी’ हे गाणं तर कमी पैशात चित्रपट कसा करावा याचा धडा आहे. त्यानं विचारायचं, तिनं उत्तर द्यायचं. सवाल-जवाबाचा हा घाट तमाशाच्या बोर्डावर कधीचा चालत आलेला. राम कदमांच्या चालीत तो असा बसला आहे की उषा चव्हाण आणि दादा नुसते समोरासमोर उभे राहिले तरी भागतं. गोविंद कुलकर्णींचं दिग्दर्शनही उगाच मध्ये लुडबुड करत नाही.

अमेरिकेतही असा स्वस्तातला चावट विनोद पिकत होता. रस मेयरनं १९५९ साली ‘द इमॉरल मिस्टर टीज’ काही हजार डॉलरांत उरकला आणि लाखांनी कमावले. रॉजर कॉर्मननं ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९६०) मुख्यतः दोन दिवसांत चित्रित केला, तोही आयत्या मिळालेल्या सेटवर. काही कंपन्या तर आधी नाव आणि पोस्टर ठरवत, कथा मागाहून. दादांच्या पुढच्या चित्रपटांची नावंही पोस्टरचं काम करणारीच. फरक एवढाच, की मेयरला दाखवावं लागलं. दादांना दाखवावं लागलं नाही, नुसतं बोलून भागलं. सेन्सॉर कात्री चालवू शकतो ती पडद्यावर. प्रेक्षकाच्या डोक्यात उमटलेला दुसरा अर्थ तो कसा कापणार?

हा दुहेरी अर्थाचा विनोद आपल्याकडे, बारामती-इंदापूरच्या बाजूला, परका नव्हताच. नीरेच्या कालव्याकाठचा हा ऊसपट्टा, जत्रा आली की तमाशाचा फड येणार आणि तंबूतला सिनेमाही. बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या, मध्ये हसण्याची चढाओढ. आणि हेही विसरू नये की याच बारामतीत कऱ्हेकाठी कवी मोरोपंतांनी शब्दांशी खेळण्यात हयात घालवली. ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून त्यांनी एक रामायण रचलं. पंतांचा श्लेष आणि दादांचा श्लेष एका पंगतीला बसवले म्हणून कुणी रागावेल. रागावो. एका शब्दाचे दोन अर्थ ऐकायची कानाची सवय दोघांनाही लागतेच.

मुंबईत दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात ‘सोंगाड्या’ लावायची वेळ आली तेव्हा देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ आडवा आला आणि शिवसेनेला रस्त्यावर उतरावं लागलं, ही कथा सर्वांना पाठ आहे. पुढे दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव गाठला आणि गिनीज बुकात नोंद झाली. मात्र यशाबरोबर नाम्या हरवत गेला. नंतरनंतरच्या चित्रपटांत दादा डोळा मारू लागले. जो स्वतःच डोळा मारतो, त्याला भोळा कोण म्हणणार? मग वाक्याला उरतो एकच अर्थ, तोही बाईच्या अंगावर जाऊन आदळणारा. ‘सोंगाड्या’तली कलावती नाम्यापेक्षा शहाणी आहे, त्याला आसरा देणारी आहे, पुढच्या नायिकांना ती पायरी क्वचितच मिळाली.

म्हणून दादांचा एकच चित्रपट पाहायचा असेल तर ‘सोंगाड्या’च पाहा. आणि एकट्यानं मोबाइलवर पाहू नका. घरातली चार वडीलधारी माणसं शेजारी बसवा. त्यांच्यातलं आधी कोण हसतं, तिकडे लक्ष ठेवा.