माया दीड इंच

मराठीत नाटकाचे परीक्षण होते, मैफलीचे होते, दिवाळी अंकांचे तर अंक वाचायच्या आधीच होते. पण शिंप्याने शिवलेल्या पँटचे परीक्षण आजवर कुणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक नाटक माणूस महिन्यातून एकदा बघतो आणि पँट रोज घालतो. शिवाय नाटक फसले तर मध्यंतरात उठून घरी जाता येते. पँट फसली तर ती सोय नसते. निदान विरार लोकलमध्ये तरी नसते.

ही उणीव भरून काढावीशी वाटली ती परवा पेपरातून घरंगळलेल्या एका गुळगुळीत पत्रकामुळे. नोकरदार माणसाने कपडे मापाने शिवूनच का घ्यावेत, याचे नऊ फायदे त्यात छापले होते. व्यक्तिमत्त्व उठून दिसते. आत्मविश्वास वाढतो. वरिष्ठांवर छाप पडते. पत्रक लिहिणारा गृहस्थ बोळिंजला राहत नसावा. आमच्याकडून चर्चगेटला निघालेल्या माणसाचे व्यक्तिमत्त्व विरार स्टेशनच्या पुलापर्यंत उठून दिसते, हे मी मान्य करतो. पुढचे साठ किलोमीटर ते इतरांच्या व्यक्तिमत्त्वात मिसळून जाते आणि चर्चगेटला उतरताना ज्याच्या वाट्याला जे येईल ते घेऊन तो ऑफिसात जातो. 1867 साली विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली, तेव्हा दिवसातून एक गाडी जायची आणि एक यायची. त्या काळात हे पत्रक खपले असते.

आणि आत्मविश्वासाचे म्हणाल, तर आमच्या ऑफिसात ज्यांच्यापाशी तो सर्वांत जास्त होता, त्यांच्या पँटी गुडघ्यावर फुगलेल्या असत. बढती त्यांनाच मिळाली.

तेव्हा पत्रकातले नऊच्या नऊ फायदे मी नापास करतो. गंमत अशी की, खरे फायदे त्यात आलेलेच नाहीत.

पहिला फायदा मापाचा. तुम्ही म्हणाल, हे काय सांगणे झाले? पण रेडिमेड शर्टाच्या कॉलरमागे जो चाळीस नंबर असतो, तो कुणाचा, याचा कधी विचार केलाय? अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, तेव्हा सैनिकांचे गणवेश घाऊक शिवावे लागले. त्यासाठी सैनिकांची मापे घेतली. अमुक छाती असली की बहुधा तमुक कंबर असते, असे आढळले आणि त्यावर पुढे पुरुषांच्या तयार कपड्यांचे नंबर उभे राहिले. बायकांची पाळी उशिरा आली. 1939-40 साली तिथल्या शेतकी खात्याने सुमारे 15,000 बायकांना टेप लावली. (शेतकी खाते कशाला, असे वाटेल, पण गृहशास्त्राचा विभाग त्याच खात्याखाली होता.) आपल्याकडे मात्र विलायती मापेच थोडी आतबाहेर करून चालवत आलो. भारतीय शरीराचे स्वतःचे माप असावे, हे सरकारला 2018 साली सुचले. सहा शहरांतल्या 25,000 माणसांची मापे यंत्राने घ्यायची, असे फॅशनचे शिक्षण देणाऱ्या निफ्ट या सरकारी संस्थेने तेव्हा जाहीर केले. म्हणजे इतकी वर्षे रेडिमेड शर्टाची बाही माझ्या बोटांवर यायची, त्यात माझ्या हातांचा काहीच दोष नव्हता. कुणा परदेशी शिपायाचे हात लांब होते!

मास्तर मात्र माझेच माप घेतात. बोळिंजच्या रस्त्याला, आगाशीकडे तोंड करून उभे राहिले की डाव्या हाताला त्यांचे दुकान. दुकान म्हणजे दोन मशिनी, एक टेबल आणि मापे लिहायची वही. मास्तर टेप लावून आकडे ओरडतात आणि काजे-बटणे करणारा मुलगा ते लिहून घेतो. छाती अडतीस, खांदा साडेसतरा, हे सगळ्या बोळिंजला ऐकू जाते. पोटाचा आकडा ते पुटपुटतात. ही सभ्यता कुठल्याही मॉलमधल्या आरशापाशी नाही. एकदा त्यांनी माझ्या मागे उभे राहून नुसते "हं" केले आणि मुलाला सांगितले, "उजवा खांदा उतरता. अर्धा इंच." मी म्हटले, "मास्तर, हे कधीपासून?" म्हणाले, "पिशवी त्याच खांद्याला लावता ना साहेब? गाडीत निम्म्यांचा उजवा उतरलाय, निम्म्यांचा डावा." आमच्या फॅमिली डॉक्टरांनी वीस वर्षांत हे निदान केले नव्हते. त्या शर्टाच्या उजव्या खांद्याखाली मास्तरांनी काहीतरी केले आणि आरशातला माणूस सरळ उभा राहिला. मी नाही, आरशातला. पण तेवढे पुरते.

दुसरा फायदा खिशांचा, आणि इथे मी बायकांची बाजू घेणार आहे. शिवलेल्या कपड्यांचा जमाना संपला, असे म्हणणारे लोक घरात बघत नाहीत. साडी नेसणारी शिक्षिका असो की बँकेतली बाई, तिचा ब्लाऊज आजही मापानेच शिवला जातो. तीन ठिकाणी घट्ट आणि एका ठिकाणी सैल झाला म्हणून परतही जातो. याला कुणी इंग्रजी नाव देत नाही, पत्रक छापत नाही. पण गल्लीगल्लीतली शिवणकला बरीचशी या सव्वा हात कापडावर तगून आहे. आता तर आमच्या इमारतीतल्या मुली पंजाबी ड्रेस शिवायला टाकताना आधी खिसा सांगतात. फोन मावेल एवढा, पास राहील एवढा आणि गर्दीत कुणाचा हात जाणार नाही असा. रेडिमेडवाल्यांना बाईच्या हातात पर्स असते एवढेच ठाऊक. बायकांच्या डब्यात एका हाताने दांडी धरली, दुसऱ्याने डब्याची पिशवी, की पर्स कुठल्या हाताने उघडायची?

वकिलांबद्दल मी काही बोलत नाही. त्यांचा काळा कोट बार काउन्सिलच्या नियमाने येतो. उन्हाळ्यात तो खालच्या कोर्टांत सक्तीचा नाही, एवढी दया त्या नियमांत आहे. वसई कोर्टातले एक ओळखीचे वकील गाडीत तो हातावर टाकून नेतात. शिवलाय मात्र मापाने. कुणाच्या हाताच्या मापाने, ते मी विचारले नाही.

आता दोष. परीक्षणात दोष नसले की लेखक आणि परीक्षक मेहुणे असल्याचा संशय येतो. सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा, असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले आहे. त्यांपैकी सोनाराच्या संगतीची माझी ऐपत राहिली नाही. कुलकर्णी अप्पांचे वतन 1950 च्या कायद्याने गेले. उरला शिंपी. त्याचा गुरुवार कुठल्या पंचांगातला, ते एक तोच जाणे. "झालंच आहे, काजं राहिलीत," हे वाक्य ऐकले की कापड अजून कापलेलेही नाही, असे खुशाल समजावे. दुसरे म्हणजे, मास्तरांची अभिरुची त्यांच्या ऐन उमेदीत थांबलेली असते. मोहरी अरुंद ठेवा म्हटले तर ते ठेवतात, पण चेहरा असा करतात की आपणच ओशाळून एक इंच वाढवून देतो. आणि तिसरा दोष पैशांचा: नुसत्या शिलाईच्या पैशांत आज रेडिमेड शर्ट येतो, तोही घरपोच. आहेरात आलेले पँटपीस आमच्या कपाटात पडून आहेत. सव्वा मीटरचे ते तुकडे आता फक्त दुसऱ्याच्या लग्नात द्यायला निघतात.

गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध म्हणून प्रसिद्ध. पण 1924 साली त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी काढले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरला निरनिराळ्या घरांतून मिळून वीसहून अधिक मुले होती, हे त्यांच्या कानांवर गेले नसावे. तरी यंत्राबद्दल ते बोलले ते खरेच. मास्तरांचे मशीन त्यांच्या वडिलांपासूनचे आहे. पायाने चालते, त्यामुळे वीज गेली की त्या रस्त्यावर त्यांचेच दुकान चालू असते. मात्र त्यावर आता नवे कपडे कमी शिवले जातात. पलीकडे म्हाडाच्या उंच इमारती झाल्या. तिथली माणसे रेडिमेड पँटी घेऊन येतात आणि मोहरी दोन इंच कमी करून मागतात. दुसऱ्याने बेतलेला कपडा मास्तर आपल्या हाताने आखूड करतात. सबंध कादंबरी लिहू शकणाऱ्याला मुद्रितशोधनाला बसवावे, तसे ते दिसते. त्यांचा मुलगा अंधेरीला नोकरी करतो. त्याच्या पँटीही रेडिमेड. त्यांची मोहरी बापच कमी करून देतो, तेही शनिवारी रात्री, गिऱ्हाईक गेल्यावर.

तिसरा फायदा सांगायचा राहिलाच. आणि माझ्या मते तोच मोठा. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात, त्याला शिंपी लोक माया म्हणतात. रेडिमेड पँट उलटी करून बघा. माया असते जेमतेम, कारखान्याला एका पँटमागे वाचलेले बोटभर कापड लाखाच्या हिशेबाने दिसत असते. मास्तर मागच्या शिवणीत दीड इंच ठेवतात. माणूस आज आहे तसाच राहणार नाही, हे त्यांनी कापड कापतानाच धरलेले असते. त्याला बढती मिळेल, बसून काम वाढेल, रविवारी मटण होईल, साखर निघेल, मग तो वाळेलही. मग ब्लेडने टाके उसवायचे, खडूची नवी रेघ मारायची, की पँट पुन्हा त्याच माणसाची.

माझी काळी पँट त्यांनी गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा उसवली. आतल्या बाजूला जुन्या टिपांच्या दोन फिक्या रेघा दिसत होत्या. मास्तरांनी चष्मा वर करून नखाने उरलेले कापड मोजले आणि म्हणाले, "अजून अर्धा इंच आहे, साहेब. गुरुवारी या."