रिकामी होडी आणि तिच्यावरील प्रवचनें

जीवनाचें कोडें उलगडावें या आशेनें जो ग्रंथ उघडतो, त्याला ताओमताचे आचार्य बहुधा निराश करतात. उत्तर गुप्त आहे म्हणून ते बोलत नाहींत, असें नव्हे. प्रश्न विचारणारा स्वतःला जगाच्या प्रवाहाबाहेर उभा समजतो, आणि कोडें त्या समजुतींतूनच जन्मतें, असें त्यांचें म्हणणें आहे. या मताला पुण्यांत एक मोठा भाष्यकार लाभला. रजनीश, म्हणजे पुढें ओशो या नांवानें प्रसिद्ध झालेले वक्ते, यांनीं च्वांगत्झूवरील इंग्रजी प्रवचनें १९७४ च्या जुलैंत कोरेगांव पार्कांतील आश्रमांत दिलीं. तीं ‘द एम्प्टी बोट’ या नांवानें ग्रंथरूप झालीं. त्यांचाच येथें विचार कर्तव्य आहे.

मूळ दृष्टान्त लहानसा आहे. नदी ओलांडणाऱ्याच्या नावेवर एक रिकामी होडी येऊन आदळते. तो कितीहि तापट असला तरी रागावत नाहीं. तींत कोणी बसलेला दिसला, कीं मात्र शिव्यांची लाखोली सुरू होते. धक्का दोन्ही वेळां सारखाच! ‘हें माझ्याच वांट्यास कां?’ या प्रश्नाचें उत्तर येथें मिळत नाहीं. परंतु तो ज्या पायावर उभा असतो, तो पायाच खचतो.

रजनीशांचा आधार थॉमस मर्टन या ख्रिस्ती मठवासीयाचा १९६५ सालचा इंग्रजी पाठ होय. मर्टनला चिनी येत नव्हती. त्यानें इतरांच्या भाषांतरांवरून तो सिद्ध केला. तेव्हां मूळ शब्दांची चिकित्सा येथें शोधूं नये. भाष्याचा खरा गुण निराळा आहे. दूरच्या ऋषीला पांडित्याच्या कपाटांतून काढून श्रोत्याच्या नित्याच्या रागलोभांत आणून बसविण्याची हातोटी वक्त्यापाशीं विलक्षण आहे.

पण दोषहि तेथेंच उगवतो. दृष्टान्त एका वाक्याचें तात्पर्य सांगून थांबतो. भाष्य थांबत नाहीं. रोज नवें विवरण ऐकणाऱ्यास ‘रिकामें होणें’ हेंच नवें साध्य वाटूं लागतें. प्रयत्न हाच अडसर, असें वक्ता वारंवार बजावतो. तरी त्या बजावण्याचीहि श्रोत्याला गोडी लागते. लाओत्झूच्या ८१ लहान प्रकरणांवर ‘ताओ उपनिषदा’ंत १२७ हिंदी प्रवचनें झालीं, हें प्रमाणहि बोलकें आहे.

यावर कोणी म्हणेल, अनिर्वचनीयाविषयीं लाओत्झूहि लिहितोच कीं! आळंदीस समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांनीं ‘अमृतानुभवां’त शब्दखंडन केलें, तेंहि शब्दांनींच. आक्षेप रास्त आहे. विस्तार हा स्वतः दोष नव्हे. मात्र ज्ञानेश्वर त्या प्रकरणांत आधीं शब्दाचा गौरव करतात, विसरलेल्याची आठवण करून देणारा म्हणून त्याला मान देतात. आणि जें कधीं विसरलेंच नाहीं, त्यापुढें शब्दाला कांहीं काम उरत नाहीं असें दाखवून त्याची बोळवण करतात. शब्द आपलें काम संपवून निघून जातो कीं नाहीं, हीच अशा वाङ्मयाची कसोटी होय. या प्रवचनांत तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुनः हजर असतो.

म्हणून आमची सूचना एवढीच, कीं वाचकानें आधीं दृष्टान्त वाचावा व ग्रंथ मिटून ठेवावा. पुढचा धक्का बसेल, तेव्हां समोरच्या होडींत आपण कोणाला बसवीत आहों हें पाहावें. त्यानंतरहि भाष्याची गरज भासली, तर तें खुशाल वाचावें.