'प्रभाव' हा शब्द लिहून थांबू नका

चिंचवडहून लोणावळा लोकलमध्ये बसलात, तर लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली. लोक तिथे कार्ला-भाज्याची लेणी बघायला उतरतात. पण कलेच्या इतिहासात संशोधन करायचं असेल, तर मळवली आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे इथेच आला.

त्या छापखान्याचं पहिलं चित्र 'शकुंतलेचा जन्म'. त्याबद्दल लिहिताना आपण पटकन लिहून टाकतो, 'युरोपियन अकादमिक शैलीचा प्रभाव'. चूक नाही, पण अर्धवट आहे.

शेजारी बुगरो या फ्रेंच चित्रकाराचं १८७९ मधलं 'व्हीनसचा जन्म' ठेवून बघा. साम्य लगेच दिसतं. छायाप्रकाशाने उठाव दिलेली शरीरं, रंगमंचासारखी मांडणी. आता फरक बघा. बुगरोची देवी नग्न, मधोमध, आणि बहुतेक सगळे तिच्याकडे बघतायत. गोष्ट तिथे थांबलेली आहे. रविवर्म्यांच्या चित्राचं नाव 'जन्म', पण दिसतो तो नकार. मेनका बाळ पुढे करते आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवतो. आपली नजर देहावर न रेंगाळता त्या दोघांमधल्या अंतरावर जाते.

ही निवड महत्त्वाची का? कालिदासाच्या नाटकात हा जन्म रंगमंचावर घडत नाही; सखी तो दुष्यंताला सांगते. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलेलं होतं, म्हणजे इथल्या प्रेक्षकाला कथा चांगलीच ठाऊक. हे बाळ पुढे दुष्यंताकडूनही नाकारलं जाणार, हे माहीत असलेल्या माणसाला या चित्रात पहिला नकार दिसतो. विश्वामित्राचा हात मला जरा जास्तच नाटकी वाटतो. पण प्रसंग अचूक निवडलाय.

म्हणून तुमच्या प्रस्तावात 'प्रभाव' लिहिलंत, की त्याखाली तीन प्रश्न लिहा. तंत्र कुठून आलं? कथेतला नेमका कोणता क्षण घेतला? आणि तो बघणाऱ्याला आधीपासून काय माहीत होतं? पहिल्याचं उत्तर पॅरिसकडे नेईल. उरलेल्या दोघांसाठी मात्र महाभारत, कालिदास आणि मराठी रंगभूमीकडे वळावं लागेल. खरं काम तिथे आहे.